बंबवाल्यांचा पगार कशावर मोजावा?

अर्थशास्त्राच्या तासाला आमच्या वर्गात एकदा चांगलाच वाद रंगला. विषय होता कामगिरीनुसार वेतनाचा. सातव्या केंद्रीय वेतन आयोगाने २०१५ च्या अहवालात सर्वच केंद्रीय कर्मचाऱ्यांना कामगिरीशी निगडित वेतन द्यावे, अशी शिफारस केली होती. काम करणारा आणि खुर्ची उबवणारा यांना सारखाच पगार का? हा सवाल ऐकायला मोठा चोख आहे. एका दाखल्यासाठी कचेरीत चार चार खेटे घातलेला कोणीही विद्यार्थी त्याला टाळ्याच देईल. परंतु एका मित्राने लगेच पुढची उडी मारली, "मग अग्निशामक दलालाही हाच नियम लावा!" येथे मात्र माझा विरोध आहे.

हा विरोध पुस्तकी नाही. माझी आई सिन्नरला विड्या वळते. दर हजार विड्यांमागे तिला मजुरी मिळते आणि तपासणीत छाट निघालेल्या विड्यांची मजुरी बुडते. ती पद्धत न्यायाची आहे की नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय. पण निदान तेथे मोजायला समोर विड्या तरी असतात! फायरमनच्या पुढ्यात काय असते?

विझवलेल्या आगी मोजायच्या म्हटल्या, तर ज्या गावात आगी जास्त त्या गावचे जवान श्रीमंत व्हायचे. किती मिनिटांत पोचले ते पाहावे, तर शिंगाडा तलावाच्या केंद्रातून निघालेला बंब सराफ बाजाराच्या किंवा भद्रकालीच्या बोळांत शिरेपर्यंत हातगाड्या, रिक्षा आणि वाटेत लावलेल्या दुचाकी त्याची वाट अडवून उभ्या. तो उशीर चालकाच्या पगारातून कापायचा काय? शिवाय प्रत्येक वर्दी आगीचीच असते असे नाही. संक्रांतीला मांजात अडकलेला पक्षी, पावसाळ्यात आडवे झालेले झाड, गोदेला पूर आला म्हणजे पाण्यात अडकलेली माणसे, सगळीकडे हेच लोक धावतात. पक्ष्याचे गुण किती आणि माणसाचे किती?

आणि जी आग लागलीच नाही, तिचे काय? महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार इमारतीतील आगरोधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला दरवर्षी जानेवारीत व जुलैत द्यावा लागतो. एखाद्या अधिकाऱ्याने तपासणीत बंद पडलेला पंप दुरुस्त करून घेतला आणि त्यामुळे दहा जीव वाचले, तर ते दहा जीव कोणत्याच वहीत चढत नाहीत.

बक्षिसाचा प्रयोग पूर्वी झालेला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये आगीच्या जागी पहिल्या पोचणाऱ्या बंबाला ३० शिलिंग, दुसऱ्याला २० आणि तिसऱ्याला १० असे कायद्यानेच ठरले होते. शर्यतीला हे ठीक. पण आगीपुढे एकाने नळी धरायची, दुसऱ्याने पंप सांभाळायचा, तिसऱ्याने शिडी. तेथे पहिला नंबर कोणाचा?

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली. जहाजात कापूस होता आणि दारूगोळाही. आग विझली नाही. चार वाजून गेल्यावर जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशामक दलाचे ६६ जण गेले. २०१५ च्या मे महिन्यात काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीने मुंबईच्या दलातील चार अधिकाऱ्यांचे प्राण घेतले. त्यांत दलाचे प्रमुख सुनील नेसरीकरही होते. गुणपत्रिका भरणारा कारकून या माणसांपुढे कोणता आकडा लिहिणार? जहाज तर वाचले नव्हते!

याचा अर्थ जवानांची पारख करूच नये असा नाही. शिडी किती सेकंदांत लागते, श्वसनयंत्र नीट चढवता येते की नाही, याची कवायत-परीक्षा जरूर घ्यावी आणि बढती देताना तिचे गुण धरावेत. मात्र वर्दीवर गेलेल्या सबंध पथकाला जोखमीचा भत्ता सारखा मिळावा, मग आग विझो वा न विझो.

१४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. त्या आठवड्यात आमच्या त्या मित्राला मी शिंगाडा तलावावर नेणार आहे. कोणाला किती गुण द्यायचे, ते त्याने तेथल्या जवानांनाच समोरासमोर विचारावे.