संशोधन कोणाचे व कोणासाठी?

माणिकगडच्या पहाडावर कापूस व सोयाबीन ही पिके हंगामात निघतात, पण प्रश्नावल्यांचे पीक मात्र बारमाही आहे. जिवतीच्या बाजारात एखादा परका तरुण खांद्याला पिशवी लावून, हातात छापील कागद घेऊन बसलेला दिसला की आमचे लोक ओळखतात, हा पीएच. डी. वाला. कोणी वाङ्मयाचा असतो, तो कोलाम बायांच्या तोंडची गाणी उतरून घेतो. कोणी शिक्षणशास्त्राचा असतो, त्याला पाचवीनंतर पोरे शाळा का सोडतात ते हवे असते. कोणी वाणिज्य शाखेचा, तो बचत गटाच्या वह्या व कापसाच्या पट्ट्या मागतो. सगळ्यांनाच डॉक्टर व्हायचे असते, पण पोराला हिवताप आला तर ह्यांतला एकही उपयोगी पडणार नाही, असा विनोद आमच्याकडे चालतो.

विनोद ठीक आहे. परंतु शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनी हा सारा रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून उडवून लावावा, हे आम्हांस मान्य नाही. आजवर आपल्यावर ज्यांनी राज्य केले, आपल्याकडून सारा घेतला, आपल्या नावाने कर्जरोखे लिहिले, ते सारे आपल्याविषयी लिहिलेल्या कागदाच्या जोरावरच. आपल्या बाजूचा कागद कोणी लिहिला नाही, म्हणून आपले म्हणणे कचेरीत टिकले नाही. संशोधन म्हणजे शेवटी काय? विचारणे, मोजणे, पडताळणे आणि लिहून ठेवणे. ते कोणी केले व कोणासाठी केले, एवढाच खरा वाद आहे.

आमच्याच पहाडाचा दाखला घ्या. निजामशाहीत राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली तो नांदेडला जोडला गेला व १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. आजचा जिवती तालुका त्या जुन्या राजुऱ्याच्याच पोटातला. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीस बळी पडला. रानात नांगरलेली जमीन आमची, हे त्याचे म्हणणे होते. त्यानंतर हे गोंड लोक उठले तरी का, हे समजून घेण्याची निजाम सरकारला गरज वाटली, व त्या कामी क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ नावाचा एक ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ आला. तो गोंडी शिकला, मार्लवाई गावी झोपडीत राहिला, देवाधर्माच्या व कुळगोतांच्या कथा त्याने उतरून घेतल्या. १९४८ साली त्याचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील मोठा इंग्रजी ग्रंथ निघाला. पण आम्हांस त्या ग्रंथाहून त्याची सरकारास दिलेली अहवालपत्रे अधिक मोलाची वाटतात. जंगलखात्याने व बाहेरच्या सावकार-जमीनदारांनी गोंडांस जमिनीवरून कसे हुसकले, हे त्यांत गावांच्या नावांनिशी होते. त्या अहवालांचा परिणाम म्हणून हजारो गोंड कुटुंबांच्या हाती पट्टे आले. कोमरम भीमाचे रक्त सांडले नसते तर सरकारने कोणास विचारायला पाठविलेच नसते, हेही विसरू नये. परंतु पाठविलेल्या मनुष्याने साहेबाच्या बंगल्यात बसून लिहिले असते, तर पट्टे निघाले नसते हेही तितकेच खरे.

आता वाचक म्हणतील, ही निजामाची गोष्ट झाली, आज काय? आजही तीच गोष्ट आहे. २००६ सालचा वनहक्क कायदा आहे व त्याचे २००८ सालचे नियम आहेत. त्यांतला तेरावा नियम प्रत्येक ग्रामसभेने मोठ्याने वाचून घ्यावा. हक्काचा पुरावा म्हणून काय काय चालते हे त्यात दिले आहे. गॅझेटिअर, खानेसुमारी, नकाशे हे तर आहेतच, पण बांधबंधारे, विहिरी, स्मशाने, देवाची ठाणी ह्या खुणाही चालतात. गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब चालतात, मात्र ते दावेदाराहून दुसऱ्याचे असले पाहिजेत. आणि नामांकित संस्थांनी केलेले संशोधन व रीतिरिवाजांच्या नोंदी, ह्याही पुरावा म्हणून चालतात. म्हणजे कोलाम गुड्यावर येऊन एखादी मुलगी म्हाताऱ्याला विचारते की तुमच्या भीमायकचे ठाणे कोणत्या टेकडीवर, मोहफूल वेचायला कोणते रान, तेव्हा ती केवळ पदवीचे काम करीत नसते. तिने ते नीट लिहिले, गावाचे, टेकडीचे, नाल्याचे नाव घालून लिहिले, तर तो कागद उद्या समितीपुढे उभा राहू शकतो. आणि तिने ते तुच्छतेने, किंवा घाईत दुसऱ्याच्या प्रबंधातून उतरून लिहिले, तर तीच चूक गावाच्या गळ्यात पडते.

ह्या नियमाने सगळ्यांचेच काम होईल असे आम्ही सांगत नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास मराठवाड्यातून पुष्कळ कुटुंबे ह्या पहाडावर आली. त्यांत बंजारे आहेत, बौद्ध आहेत, मातंग, धनगर, मराठे आहेत. त्यांनी दगड वेचून जमीन केली. पण जे आदिवासी नाहीत त्यांस कायदा तीन पिढ्यांचा, म्हणजे १३ डिसेंबर २००५ च्या मागे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवा म्हणतो. तो ह्या लोकांनी कोठून आणावा? त्यांचा प्रश्न निराळा आहे, आणि तो असा की ही जमीन मुळात वनखात्याची होती की महसूल खात्याची. हा वाद दशकानुदशके चालला. त्याची मुळे निजामाच्या दप्तरात आहेत, व त्या दप्तरातली पुष्कळ कागदपत्रे उर्दूत आहेत. आमच्या दोन जिल्ह्यांत इतिहास विषय घेऊन पदव्या मिळविणारी शेकडो मुले आहेत. त्यांतल्या चारांनी उर्दू शिकून ते दप्तर वाचले, तर दहा आमदारांच्या भाषणांनी होणार नाही ते काम होईल. कलाशाखा निरुपयोगी म्हणणाऱ्यांनी ह्याचा विचार करावा.

भाषेचेही असेच. कोलामी ही तेलुगू व गोंडी ह्यांच्या द्राविडी कुळातली. मरे एमेनो ह्या अमेरिकन पंडिताचा कोलामीवरील ग्रंथ कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठाने १९५५ साली छापला. त्याने ते शब्द आपल्या वर्धा भागातील कोलामांच्या तोंडून घेतले. जगातले भाषापंडित त्याचा आधार घेतात, आणि ज्याच्या आजाने ते शब्द सांगितले त्या कोलामाला ते पुस्तक डोळ्यांनी दिसत नाही. आपल्या मराठी माणसांत सेतुमाधवराव पगडी ह्यांनी निजामी नोकरीत असताना गोंडी शिकून घेतली, व गोंडी आणि कोलामी ह्या दोहोंची व्याकरणे लिहिली. शिवकालाच्या इतिहासासाठी त्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे, ह्या कामासाठी मात्र फार थोड्यांस.

आम्ही मास्तर लोक. आम्हांस शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांची झळ अधिक बसते, कारण त्यांत गळतीचे खापर बहुधा आईबापांच्या दारिद्र्यावर व मास्तरांच्या गैरहजेरीवर फुटते. दोन्ही कारणे खोटी नाहीत. पण पहिलीच्या वर्गात एका बाकावर कोलामी बोलणारे पोर, दुसऱ्यावर गोंडी, तिसऱ्यावर गोरमाटी, चौथ्यावर मराठवाड्याची मराठी, आणि सीमेकडच्या गावात पाचव्यावर तेलुगू. ह्यांच्यापुढे पुस्तक एकच. पोर गप्प बसते, तेव्हा मंद म्हणून त्याची नोंद होते. त्याला पुसलेला शब्दच कळला नाही, हा रकाना छापील कागदात नसतो. हायमेनडॉर्फला हे उमगले होते. १९४३ साली मार्लवाईस गोंड मुलांना शिक्षक करण्याचे केंद्र निघाले, व देवनागरीत गोंडी वाचनमाला तयार झाली. आमच्या ट्रेनिंग कॉलेजात मात्र ह्याचा उल्लेखही कोणी केला नव्हता. पुढे २०१९ साली गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली. ती शाळा चालावी की न चालावी ह्याचा वाद सरकारदरबारी गेला, पण तेथील मुले काय व किती शिकली ह्याची मोजदाद करणे हे शिक्षणशास्त्राचे काम होय, कारकुनाचे नव्हे.

आणखी एक शेत नांगरावाचून पडले आहे. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा ह्या सीमेवरच्या गावांवर महाराष्ट्र व तेलंगण दोघांचाही हक्क सांगणे चालत आले. दोन्हीकडची रेशनपत्रिका, दोन्हीकडचे मतदान, आणि शाळाही दोन, एक मराठी, एक तेलुगू. एकाच गावची पोरे, एकच पाणी, एकच दारिद्र्य. कोणत्या शाळेने काय दिले हे ताडून पाहण्यास ह्याहून चांगली जागा दुसरी कोणती? ज्याला विषय सुचत नाही असा विद्यार्थी आम्हांस भेटला की आम्ही त्याला ह्या वाटेला लावतो.

वाणिज्याच्या बाबतीत आपले लोक अधिक सावध असतात, व ते स्वाभाविक आहे. हिशेब विचारणारा आला की सावकाराची किंवा करवसुलीची आठवण होते. मग कोणी शेत कमी सांगतो, कोणी कर्ज लपवितो. त्याने बिघडते कोणाचे? डॉ. हॅरल्ड मान ह्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा शेतन् शेत व घरन् घर हिशेब मांडून १९१७ साली पुस्तक काढले. तेथील बऱ्याच मोठ्या संख्येने कुटुंबांस साधारण सालीही केवळ स्वतःच्या जमिनीवर पोट भरता येत नाही, हे त्यातून उघडे पडले. कुणबी आळशी व उधळ्या म्हणून कर्जबाजारी होतो, असे म्हणणाऱ्यांचे तोंड त्या आकड्यांनी बंद झाले. पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी लहान धारणेच्या शेतीवर निबंध लिहिला. नुसते तुकडे जोडून भागणार नाही, जमिनीवर पडलेला माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळवा, असे त्यांचे म्हणणे. त्याच गृहस्थांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला होता व १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ छापला. जात, जमीन व चलन हे तीन निरनिराळे विषय आहेत असे विद्यापीठांच्या खात्यांस वाटते; कर्जात बुडालेल्या घरास तसे वाटत नाही.

कारागिरांविषयी बोलायचे तर त्रिंबक नारायण आत्रे ह्यांचे १९१५ सालचे 'गांवगाडा' अजून वाचनीय आहे. महसूल खात्यात काम केलेला हा मनुष्य, त्याला गावाची बारीक माहिती होती. पण अलुत्याबलुत्यांवर त्याने जे कोरडे ओढले आहेत, त्यांस लोहाराने, कुंभाराने, बुरुडाने स्वतःच्या हिशेबाची वही पुढे ठेवून उत्तर द्यावयास हवे. बांबूची एक टोपली विणायला किती वेळ लागतो, बांबू कितीला पडतो, बाजारात हाती काय येते, हे बुरुडाच्या मुलीइतके नीट कोण लिहील?

ह्या कामी डॉक्टर व्हावेच लागते असे नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावात देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल ह्यांच्या सोबतीने लोकांनी अभ्यासगट चालविले. जंगलात काय आहे, किती आहे, कायदा काय म्हणतो, ह्याचा वर्षानुवर्षे बसून विचार केला. त्याचा उपयोग असा झाला की २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार २७ एप्रिल २०११ रोजी ग्रामसभेच्या हाती आला. बांबू कोणास व कोणत्या भावाने द्यायचा, हे मग गाव ठरवू लागले. असले वाणिज्यशास्त्र आम्हांस समजते.

२०११ साली नागपूर विद्यापीठातून निघून गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ झाले, व चंद्रपूर-गडचिरोलीची महाविद्यालये त्याखाली आली. आता संशोधनासाठी नागपूर-पुण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. शिष्यवृत्त्याही आहेत. अनुसूचित जातींच्या मुलांनी बार्टीकडे, मराठा-कुणब्यांच्या मुलांनी सारथीकडे, इतर मागास व भटक्या-विमुक्तांच्या मुलांनी नागपूरच्या महाज्योतीकडे, व आदिवासी मुलांनी पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे चौकशी करावी. पैसे वेळेवर येत नाहीत अशी ओरड आहे, ती आम्हीही ऐकतो. ओरड करावी व अर्जही करावा. घरच्यांनी मात्र पोरीला 'एवढे शिकून काय दिवे लावणार' म्हणून मध्येच बसवू नये. भीमायकचे ठाणे कोठे हे परक्याला तीन दिवस विचारावे लागते, कोलामाच्या मुलीस ते पाळण्यातच कळलेले असते.

आणि जे परके येतात, त्यांस पाणी द्यावे, बसायला बाज द्यावी, खरे सांगावे. पण चार गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात. ही माहिती कोणासाठी व कोणत्या विद्यापीठाची, हे ग्रामसभेच्या वहीत त्याने लिहून द्यावे. म्हाताऱ्यांची जुनी कागदपत्रे, पावत्या, सनदा कोणाच्याही हाती मूळ प्रत म्हणून देऊ नयेत. आमच्या ओळखीच्या एका घरातून गेलेली निजामकाळची पावती अजून परत आलेली नाही. फोटो काढून न्यावा, कागद पेटीतच राहू द्यावा. प्रबंध पुरा झाला की तो 'शोधगंगा' ह्या सरकारी भांडारात चढविला जातो व कोणासही फुकट वाचता येतो. ज्याच्या घरी मोबाईल आहे अशा पोराने गावाचे नाव घालून तो शोधावा व आपल्याविषयी काय लिहिले आहे ते ओट्यावर वाचून दाखवावे. चुकीचे लिहिले असेल तर ग्रामसभेने ठराव करून विद्यापीठास कळवावे.

विद्यापीठाकडे आमचे मागणे लहान आहे. ह्या दोन जिल्ह्यांतील कोणत्याही गावावर जो प्रबंध मंजूर होईल, त्याचा दहा पानांचा गोषवारा सोप्या मराठीत, व जेथे जमेल तेथे गोंडीतही, त्या गावच्या ग्रामपंचायतीस पोचला पाहिजे, आणि तो पोचल्याची ग्रामसेवकाची सही जोडल्याखेरीज पदवीचा कागद देऊ नये.