पहिला सिग्नल मिळाला, दुसऱ्याचे काय?

४ एप्रिल २०२४ रोजी पवईच्या आयआयटीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी नेक्सकार१९ या उपचाराचे लोकार्पण केले. कॅन्सरवरची, भारतात विकसित झालेली ही पहिली कार-टी पेशी उपचारपद्धती. आयआयटी मुंबईतले प्रतिकारशक्तीचे संशोधक राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर हसमुख जैन व गौरव नरुला यांच्या कित्येक वर्षांच्या कामातून ती उभी राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला सरकारी परवानगी मिळाली होती. देशाच्या पहिल्या आदिवासी राष्ट्रपतींच्या हस्ते हे झाले म्हणून तो फोटो आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर बराच फिरला. अभिमान वाटावा असेच ते काम आहे. पण हा उपचार नेमके करतो काय, हे त्या फोटोखाली कुणी लिहिले नाही.

मी रायपुरात बीएस्सीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो. घरातले पहिले पदवीधर ठरणारी मुले माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त असतात. त्यांना एक वाक्य सतत ऐकवले जाते : 'सीट मिळाली ना, आता पुढचे तुमचे तुम्ही बघा. गुणवत्ता असेल तर वर येईलच, निसर्गाचा नियमच आहे तो.' हा निसर्गाचा नियम खरोखर आहे का, हे पाहण्यासाठी टी पेशीइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडत नाही.

टी पेशी म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. प्रत्येक टी पेशीच्या अंगावर ग्राहक रेणू असतो. दुसरी एखादी पेशी आपल्या पृष्ठभागावर विषाणूचा किंवा बिघडलेल्या प्रथिनाचा तुकडा धरून उभी असते. ग्राहकाला तो तुकडा बरोबर बसला की टी पेशीच्या आत हालचाल सुरू होते. लिक नावाचे विकर ग्राहकाच्या शेपटांना फॉस्फेट चिकटवते. त्या फॉस्फेटवर झॅप-७० नावाचे दुसरे विकर येऊन बसते आणि निरोप पुढे सरकतो. पेशीतले कॅल्शियम वाढते, निरोप केंद्रकापर्यंत पोहोचतो. हा पहिला सिग्नल. शत्रूची ओळख पटली.

आता पेशीने लढायला हवे, असे कुणालाही वाटेल. पण ती लढत नाही. १९८० च्या दशकात मार्क जेन्किन्स आणि रोनाल्ड श्वार्ट्झ या संशोधकांनी दाखवले, की नुसता पहिला सिग्नल मिळालेली टी पेशी गप्प होते. मरत नाही, पण नंतर समोर तोच शत्रू आला तरी नीट प्रतिसाद देत नाही. तिला जागे करायला दुसरा सिग्नल लागतो. तो टी पेशीवरच्या सीडी-२८ सारख्या रेणूंमार्फत येतो आणि तो देणारी असते शेजारची पेशी. म्हणजे आधार बाहेरून यावा लागतो, आणि तोही त्याच वेळी. उशिरा आला तर उपयोग नाही, कारण तोवर पेशी गप्प झालेली असते.

कार-टीची सगळी गोष्ट याच मुद्द्यावर फिरते. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी बाहेर काढायच्या, त्यांच्यात कृत्रिम ग्राहकाचा जनुक घालायचा, त्या वाढवायच्या आणि परत रुग्णाला द्यायच्या. इस्रायलमधले झेलिग एशर यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी असे ग्राहक बनवायला सुरुवात केली. त्या ग्राहकांना शास्त्रज्ञ आज 'पहिल्या पिढीची कार' म्हणतात. त्यांच्यात फक्त पहिल्या सिग्नलची शेपटी होती. काचेच्या भांड्यात त्या पेशी कॅन्सरच्या पेशी बरोबर ओळखायच्या आणि मारायच्याही. रुग्णाच्या शरीरात गेल्या की फार टिकायच्या नाहीत. मग त्याच ग्राहकाला दुसऱ्या सिग्नलचा भाग जोडला गेला, कुणी सीडी-२८ चा, कुणी ४-१बीबी नावाच्या रेणूचा. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड ही सहा वर्षांची मुलगी रक्ताच्या कॅन्सरमधून वाचली ती या दुसऱ्या पिढीच्या पेशींमुळे. नेक्सकार१९ मध्येही ४-१बीबीच आहे.

पहिल्या पिढीच्या पेशींना कुणी 'मेरिट नाही' असे म्हटले नाही. त्यांच्यात काय जोडायचे राहिले, ते शोधले.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. शरीराच्या उपमा समाजाला लावणाऱ्यांची मला धास्ती वाटते. पुरुषसूक्ताने तेच केले : मुख, बाहू, मांड्या, पाय. त्या एका उपमेने किती पिढ्या पायाखाली ठेवल्या, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. टी पेशी म्हणजे माणूस नव्हे आणि पेशीत अमुक घडते म्हणून समाजात तसेच घडावे, असे मी म्हणत नाही. मी म्हणतो ते इतकेच, की संधी एकदा दाखवली की गुणवत्ता आपोआप फुलते, हे तुमचे मत निसर्गाच्या नावावर खपवू नका. निसर्गाच्या वहीत तसे लिहिलेले नाही.

आणि सरकारी वहीत काय लिहिले आहे तेही पाहू. परदेशी शिक्षणासाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीला २०२५-२६ साठी १०६ जण निवडले गेले. त्यातल्या फक्त ४० जणांना सुरुवातीला पत्रे मिळाली, बाकी ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास विचार करू असे कळवण्यात आले. निवड झाली, म्हणजे पहिला सिग्नल आला. विद्यापीठाची तारीख मात्र निधीसाठी थांबत नाही. महाराष्ट्रात बार्टीची अधिछात्रवृत्ती मिळावी म्हणून पीएचडी करणाऱ्या मुलामुलींना आझाद मैदानावर बसावे लागले. ज्या दिवसांत त्यांनी संदर्भ वाचायचे, प्रयोग करायचे, ते दिवस मांडवात गेले. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला हे जास्त लागते, कारण पेशी वाट पाहत नाहीत. टी पेशींवर काम करायचे तर प्रतिपिंडाची एक छोटी कुपी हजारो रुपयांना येते, तीही बहुधा परदेशातून. माझ्या ओळखीच्या एका संशोधक मुलीची फेलोशिप कित्येक महिने अडली, तेव्हा तिने भाडे देण्यासाठी ट्यूशन घेतल्या आणि वाढवलेल्या पेशी फेकून दिल्या. तिच्या संस्थेचे नाव इथे महत्त्वाचे नाही. असे अनेक ठिकाणी चालते.

पैशाशिवायही दुसरा सिग्नल असतो. दिल्लीच्या एम्सबाबत सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांकडून पुरेसा वेळ आणि आधार मिळत नाही, ही त्यातली मुख्य तक्रार होती. देशातल्या सर्वात अवघड प्रवेश परीक्षांपैकी एक पास होऊन ही मुले आत गेली होती. ज्यांच्या घरात कुणाचा मामा प्रोफेसर असतो, कुणाची आत्या कुठल्या संस्थेत शास्त्रज्ञ असते, त्यांना हा आधार दिवाळीच्या फराळासोबत मिळतो. कोणत्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यात काम मिळते, प्राध्यापकाला ईमेल कसा लिहायचा, शिफारसपत्र कुणाकडे मागायचे, ही माहिती जेवता जेवता कानावर पडते. त्यालाच मग बाहेर 'नैसर्गिक हुशारी' म्हणतात.

अभनपूरकडच्या एका मुलीने मला वर्गात विचारले होते, 'सर, एला पढ़ के का नौकरी मिलही?' प्रश्न रास्त आहे. घरात पहिला पगार तिला आणायचा आहे. मूलभूत विज्ञान ही अशा घरांना परवडणारी चैन नाही, असे आपणच ठरवून टाकले आहे, आणि त्यामागे भित्रेपणा नाही, हिशेब आहे. पण या हिशेबाची किंमत आपण दुसरीकडे मोजतो.

रायपुरातले डॉ. भीमराव आंबेडकर रुग्णालय लोकांच्या तोंडी 'मेकाहारा' आहे. पाटीवर बाबासाहेब, जिभेवर मेडिकल कॉलेज हॉस्पिटल रायपूरचे लघुरूप. ते असो. तिथे कॅन्सरचे रुग्ण गावागावांतून येतात. तोंडाचा, गर्भाशयमुखाचा कॅन्सर आपल्या वस्त्यांना चांगला ओळखीचा आहे. नेक्सकार१९ त्यांच्यासाठी नाही. ते सीडी-१९ हा रेणू अंगावर असलेल्या बी पेशींच्या ल्युकेमिया आणि लिम्फोमासाठी आहे, तेही इतर उपचार थकल्यावर. ज्यांना ते लागू आहे त्यांच्यासाठी सुरुवातीची किंमत ३० ते ४० लाख रुपयांच्या घरात सांगितली गेली. अमेरिकेत हाच उपचार तीन-चार कोटींचा, म्हणून इथे 'स्वस्त' अशा बातम्या आल्या. स्वस्त कुणाच्या खिशाच्या मानाने? आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाख मिळतात. आयआयटी आणि टाटा मेमोरियल या दोन्ही संस्था जनतेच्या पैशावर चालतात. त्या पैशात गीतांजलीच्या जनरल डब्यातून परळला जाणाऱ्या माणसाचाही कर आहे. तेव्हा किंमत किती असावी हे विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

सिकलसेलचे घ्या. छत्तीसगड आणि विदर्भ दोघांनाही तो चांगला माहीत आहे. १९१० मध्ये शिकागोत जेम्स हेरिक यांनी त्याचे पहिले वैज्ञानिक वर्णन केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांच्या गटाने त्याचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत दाखवले. आपल्याकडे राष्ट्रीय मोहीम सुरू झाली जुलै २०२३ मध्ये. कोणत्या आजारावर आधी डोके लावायचे, हे जी माणसे प्रयोगशाळेत आणि निधी देणाऱ्या समित्यांवर बसतात ती ठरवतात. तिथे आपली माणसे नसतील तर आपले प्रश्न कुणी मुद्दाम टाळायचीही गरज पडत नाही, ते सुचतच नाहीत.

या हिवाळ्यात माझ्या वर्गातल्या चार मुलींनी देशाच्या तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपचा अर्ज भरला. अभनपूरची ती मुलगीही त्यात आहे. उद्दिष्टाच्या दीड पानाला त्यांना तीन आठवडे लागले, कारण असे पान लिहिलेले माणूस त्यांनी पाहिलेच नव्हते. हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी काही जण आज पीएचडी करताहेत, काही जण शिकवताहेत. अशा मुलींचा ईमेल तुमच्याकडे येईल. त्याचे इंग्रजी कदाचित अडखळत असेल आणि सुरुवातीला 'रिस्पेक्टेड सर' दोनदा असेल. त्याला त्याच आठवड्यात उत्तर द्या, आणि तुमचा स्वतःचा जुना अर्ज सोबत जोडा.