डीपीलाही मीटर बसवा

वाशी-भूमच्या माळावर पवनचक्क्या फिरतात, तरी शेताला वीज रात्रीचीच, ही गेल्या अंकातील पत्रलेखकाची तक्रार खरी. पण त्यात दोष पवनचक्कीचा नाही. तिची वीज उच्चदाब वाहिनीवरून राज्यभर जाते. शेतीच्या फिडरशी तिचा थेट संबंध नसतो. दिवसा वीज हवी तर उपकेंद्राजवळचा सौर प्रकल्प उपयोगी पडतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातील धोंदलगावात सुरू झाला, तो असाच.

वीज दिवसा मिळाली तरी डीपी (रोहित्र) टिकायला हवा; म्हणून स्मार्ट मीटर घराघरांत लावण्याआधी डीपीवर बसवा. रब्बीत वीज आली की ऑटोस्टार्टरवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, डीपी जळतो, हरभरा वाळतो आणि शेतकरी दुरुस्तीसाठी वर्गणी गोळा करत फिरतात. मीटरमुळे डीपीवरचा भार आधी कळला तर मोटारी पाळीपाळीने चालवता येतील.

– एक शेतकरी वाचक, कळंब (जि. धाराशिव)