गाडीवरचा फळा आणि घरातले पथ्य

वाचकहो, पथ्याविषयी या सदरात आपण पुष्कळ बोललो आहोत. परंतु पथ्य नेमके कोठे मोडते, याचा शोध घेतला तर ते स्वयंपाकघरापेक्षा रस्त्याच्या कडेला अधिक वेळा मोडलेले दिसते. कासारवाडीचेच पाहा. जुना मुंबई-पुणे रस्ता, त्याला समांतर लोहमार्ग, ६ मार्च २०२२ पासून धावू लागलेली मेट्रो, पलीकडे नाशिक फाटा. आणि मेट्रोने दोन स्थानके पुढे गेले की संत तुकारामनगर, म्हणजेच यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, आपल्या सर्वांचे ‘वायसीएम’. पाळी संपवून निघालेला कामगार, रुग्णाजवळ रात्र काढलेली सून, उपाशीपोटी रक्त देऊन आलेले आजोबा, या सर्वांची गाठ अखेर एखाद्या खाद्यपदार्थांच्या गाडीशीच पडते. त्या गाडीवरची पदार्थांची पाटी हा आजचा विषय आहे. आरोग्याच्या पाक्षिकात पाटीचे काय काम, असे आपल्याला वाटेल. पण थोडा धीर धरावा.

उपाशीपोटीचा नमुना दिल्यावर आजोबांना जेवून बरोबर दोन तासांनी दुसरा नमुना द्यायचा असतो. पाटीवर ‘ज्वारीची भाकरी-पिठले’ पाहून ते गाडीपाशी येतात. भाकरी सहा महिन्यांपूर्वीच बंद झालेली असते, पाटी मात्र तीच. मग वडापाव किंवा गोड उपीट खाल्ले जाते आणि त्या दिवशीचा साखरेचा आकडा त्यांच्या रोजच्या आहाराविषयी काहीच सांगत नाही. याहून गंभीर प्रसंग इन्सुलिन घेणाऱ्यांचा. जलद काम करणारे इन्सुलिन जेवणापूर्वी साधारण पंधरा मिनिटे आणि जुन्या पद्धतीचे साधे इन्सुलिन सुमारे अर्धा तास आधी घेतात. पाटीवर विसंबून सुई टोचून घेतली आणि पदार्थ संपला आहे हे रांगेत उभे राहिल्यावर कळले, तर साखर ७० च्या खाली घसरण्याची भीती खरी असते. घाम, थरथर, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे दिसताच, माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी. बाहेर जेवायचे असेल तेव्हा ताट हाती येईपर्यंत सुई थांबवता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना एकदा अवश्य विचारून ठेवावे.

पाटी खोटी का पडते? गाडीवाल्याच्या लबाडीपेक्षा छपाईचा खर्च हे त्याचे कारण अधिक वेळा असते. फ्लेक्सचा हिशेब चौरस फुटावर होतो. सहा फूट बाय तीन फुटांच्या फलकावर पोह्यांचा दर पाच रुपयांनी बदलायचा झाला, तर एका आकड्यासाठी अठरा चौरस फूट पुन्हा छापावे लागतात. साहजिकच गाडीवाला दरावर कागदाची चिकटपट्टी लावतो, ती पहिल्या पावसात निघते, आणि बंद झालेले पदार्थ तर वर्षानुवर्षे तसेच झळकत राहतात. बदलणे महाग पडते म्हणून पाटी जुनी राहते आणि तिच्यावर भरवसा ठेवून पथ्याचा माणूस फसतो. म्हणून ज्यांच्या घरात कोणी अशी गाडी चालवते, किंवा निवृत्तीनंतर चालवू पाहते, त्यांनी पुढील मजकूर थोडा सावकाश वाचावा.

छापील फलकावर फक्त न बदलणाऱ्या गोष्टी असाव्यात: गाडीचे नाव, वेळ आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक. पदार्थ आणि दर यांना त्यावर जागाच देऊ नये. त्यांच्यासाठी काळा फळा आणि खडू हे सर्वांत स्वस्त साधन आजही आहे. या पट्ट्यात नोकऱ्या केलेल्यांना ते नवे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांच्या उपाहारगृहाची तरतूद केली, राज्याच्या नियमांनी तेथे दर ठळकपणे लावण्याची अट घातली, आणि कित्येक उपाहारगृहांच्या दाराशी खडूने लिहिलेला दिवसाचा बेत वाचूनच मंडळी रांगेत उभी राहत. ‘आज उसळ आहे’ एवढ्या एका ओळीवर रांगेची लांबी ठरे!

खडूला दोन शत्रू आहेत, पाऊस आणि तेलाची वाफ. कढईजवळच्या फळ्यावर तेलकट थर बसतो आणि त्यावर खडू उमटत नाही. म्हणून फळा कढईपासून दूर, गिऱ्हाईक येते त्या बाजूला असावा. पावसाळ्यासाठी पत्र्याच्या पट्ट्यांचा उपाय चांगला. भोसरी-कासारवाडी भागात पत्राकामाचे कारखाने इतके आहेत की उरलेले तुकडे मिळणे अवघड नाही. कडा घासून दुमडून घ्याव्यात, एका पट्टीवर एकच पदार्थ ऑइल पेंटने लिहावा, वर दोन भोके पाडून ती हुकांना अडकवावी. दराचे आकडे वेगळ्या लहान पट्ट्यांवर ठेवावेत, म्हणजे भाव वाढला तरी पदार्थाची पट्टी कायम राहते. पट्टीच्या मागच्या बाजूस ‘संपले’ असे लिहून ठेवावे. पदार्थ संपला की पट्टी उलटी करायची. लहान मूलही ते काम करील. अलीकडे चुंबकी पट्ट्याही मिळतात, पण गाड्यांना वापरले जाणारे स्टील बहुधा चुंबकाला धरत नाही, आणि ॲल्युमिनियम तर मुळीच नाही. पैसे घालण्यापूर्वी घरातला एखादा चुंबक गाडीला लावून पाहावा.

आता अक्षरांविषयी. डोळे तपासताना सहा मीटरवरच्या तक्त्यातील ६/६ ची ओळ सुमारे नऊ मिलिमीटर उंचीची असते. ज्यांची दृष्टी ६/१८ आहे, त्यांना तेच अक्षर दोन मीटरवर आल्यावरच, तेही डोळे ताणून, वाचता येते. सहज वाचता यावे यासाठी अक्षर त्याच्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे साधारण एक इंचाचे हवे. देवनागरीत वेलांट्या, मात्रा आणि जोडाक्षरे असल्याने दोन ओळींतही मोकळी जागा लागते. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, शिवाय भिंग पिवळसर होत जाते, त्यामुळे निळ्यावर हिरवे लिहिलेले त्याला एकच दिसते. काळ्यावर पांढरे किंवा पिवळे उत्तम. मोतीबिंदू असलेल्यांना पांढऱ्या झगमगीत फलकापेक्षा हेच सुसह्य वाटते. चकचकीत लॅमिनेशनवर रात्रीचा दिवा पडला की अर्धा मजकूर नाहीसा होतो. सरकत्या दिव्यांच्या पाट्या आणि मोबाईलने टिपायचे चौकोन यांविषयी माझे मत चांगले नाही. बदलायला ते सोपे आणि स्वस्त असतीलही, पण ज्याच्या हातात औषधांची पिशवी आणि काठी आहे, त्याने तिसऱ्या हातात मोबाईल कोठून धरावा?

फळा रोज लिहायचाच आहे, तर त्यावर नावापुढे दोन-तीन शब्द अधिक लिहिता येतात, आणि आपल्यासाठी खरा लाभ तेथे आहे. ‘शेंगदाण्याचा कूट आहे’, ‘साखर घातली आहे’, ‘मीठ कमी करून मिळेल’. पदार्थांतील उष्मांक लिहिण्याची सक्ती १ जुलै २०२२ पासून लागू झाली, ती मुख्यतः दहा वा अधिक शाखा असलेल्या मोठ्या साखळ्यांना. आपल्या कोपऱ्यावरच्या गाडीवर ती नाही आणि तशी अपेक्षाही रास्त नव्हे. पण पालेभाजी कोणती आहे हे लिहायला काय लागते? रक्त पातळ ठेवण्यासाठी ॲसिट्रॉमसारखी गोळी घेणाऱ्याने पालक-मेथी वर्ज्य करायची नसते, प्रमाण मात्र रोज सारखे ठेवायचे असते. नुसत्या ‘भाजी’ या शब्दावरून त्याला काहीच ठरवता येत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णाला तर शहाळेही पोटॅशियममुळे विचारूनच घ्यावे लागते, आणि ते नेमके रुग्णालयाच्या दाराशी सर्वांत सोयीने मिळते.

चहाचे कोडे याहून अवघड. अमृततुल्याच्या पद्धतीत साखर आधीच उकळलेली असते, ती नंतर काढता येत नाही. ‘कमी साखरेचा द्या’ म्हटल्यावर मिळणारा चहा बहुधा तोच असतो, फक्त अर्धा कप. गाडीवाल्याने दिवसातून दोनदा लहान पातेल्यात वेगळा चहा ठेवला आणि फळ्यावर ‘बिनसाखरेचा चहा, सकाळी १० व दुपारी ४’ असे लिहिले, तर आधण वाया जात नाही आणि आपल्यालाही फिरायला निघण्याची वेळ ठरवता येते. वेळ जमली नाही तर दुसऱ्या दिवशी ती पुसून नवी लिहावी.

हे लिहिण्याचे काम कोणी करावे? गाडीवरच्या मुलांना सकाळी फुरसत नसते. घरात निवृत्त शिक्षिका असतील, आलेखनाच्या विभागात आयुष्य घालवलेले काका असतील, तर खडू त्यांच्या हाती द्यावा. बसण्यासाठी खुर्ची मात्र ठेवावी, आणि लिहून झाल्यावर त्यांना सहा पावले मागे नेऊन, चष्मा लावून, सगळा फळा मोठ्याने वाचायला सांगावे. जी ओळ अडखळेल ती पुसून मोठ्या अक्षरात पुन्हा लिहावी.