पंखातला पीळ

संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा, एका बाजूला कलणाऱ्या पतंगाचे काय करायचे? उत्तर तयार असते. दुसऱ्या बाजूला एक चिंधी बांधायची की झाले! पण याच मुलाने पुढे रेडिओवर चालणारे छोटे विमान बनवायला घेतले, तर चिंधीचा उपाय कामाचा नाही. विमानाच्या पंखाला पीळ पडला असेल, तर तो पीळच काढावा लागतो. गंमत अशी, की हा पीळ हवेत पडत नाही. तो पडतो घरातल्या टेबलावर, आणि बहुतेक वेळा घाईमुळे.

हल्ली फोमची तयार विमाने मिळतात. खोक्यातून काढा, बॅटरी लावा आणि उडवा. तरीही बाल्सा लाकडाची ओढ संपलेली नाही. बाल्साचे झाड मूळचे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले. स्पॅनिशमध्ये बाल्सा म्हणजे तराफा. १९४७ साली थॉर हेयरडाल आणि त्याचे पाच सोबती ‘कॉन-टिकी’ नावाच्या बाल्साच्या तराफ्यावरून पेरूहून निघाले आणि १०१ दिवसांनी पॉलिनेशियात पोहोचले. वजनाला हे लाकूड सागाच्या साधारण चौथा हिस्सा. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिशांच्या ‘मॉस्किटो’ विमानाच्या धडातही प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्साच भरलेला होता.

नवशिक्याने पहिला पंख निवडताना खालून सपाट असलेला निवडावा. ‘क्लार्क वाय’ हा आकार त्यासाठी प्रसिद्ध आहे. व्हर्जिनियस क्लार्क यांनी तो १९२२ साली आखला आणि १९२७ मध्ये लिंडबर्गने अटलांटिक ओलांडला तो याच आकाराच्या पंखावर. या पंखाची खालची बाजू पुढचा थोडा भाग सोडला तर सपाट असते, म्हणून तो टेबलावर नीट बसतो. मात्र टेबल खरोखर सपाट हवे. जेवणाचे टेबल दिसते सपाट, पण स्टीलची पट्टी उभी धरून तिच्याखालून उजेड येतो का ते पाहा! जुना फ्लश डोअर किंवा जाड काच, आणि वर टाचण्या टोचण्यासाठी सॉफ्ट बोर्ड, ही व्यवस्था उत्तम. पाच फुटी पंखासाठी ते टेबल आठ-पंधरा दिवस तरी अडते, हे घरातल्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

बोर्डवर नकाशा पसरायचा आणि त्यावर पातळ प्लास्टिक, म्हणजे गोंद कागदाला चिकटत नाही. पंखाच्या आत माशाच्या काट्यासारखी रचना असते. आडव्या बरगड्या, आणि त्यांना धरून ठेवणारे लांब कणे, एक वर, एक खाली. सगळ्या बरगड्या सारख्या हव्यात. त्यासाठी प्लायवूडचे दोन साचे करून मध्ये बाल्साचे तुकडे रचतात, बोल्टने आवळतात आणि सगळी चळत एकदम घासून काढतात. तयार संचात हे काम लेसरने झालेले असते. वेळ वाचतो, पण हात तयार होत नाही.

एक गोष्ट नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. एकाच मापाच्या दोन बाल्सा पट्ट्यांच्या वजनात दुपटीचा फरक असू शकतो. म्हणून पट्ट्या आधी तोलून घ्याव्यात आणि जड-हलक्या बरगड्या दोन्ही बाजूंना सारख्या वाटाव्यात. वरच्या आणि खालच्या कण्याच्या मध्ये पातळ पडदे बसवतात, त्यांच्या रेषा उभ्याच हव्यात. उडताना पंख वर वाकू पाहतो, तेव्हा वरचा कणा दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि हे पडदे दोघांमधले अंतर राखतात. पडदे नसतील, तर एखाद्या जोरदार वळणात पंख मधूनच मिटतो.

पांढऱ्या गोंदाला रात्रभर वेळ द्यावा, पावसाळी हवेत त्याहून जास्त. कडा आणि बरगड्या जुळल्या, की पंख उचलून पाहण्याचा मोह अनावर होतो. पीळ पडतो तो इथेच. झटपट चिकटणारा सायनो गोंद वापरणाऱ्यांनी खिडकी उघडी ठेवावी, डोळ्यांवर चष्मा घालावा. त्याची वाफ डोळ्यांना झोंबते. हा गोंद आणि धारदार पाते मुलांच्या हाती एकट्याने देऊ नये.

पण एवढ्याशा पिळाने बिघडते काय? समजा, उजव्या टोकाची मागची कड चार-पाच मिलिमीटर खाली राहिली. विमान डावीकडे कलू लागते. रिमोटवरच्या ट्रिमने ते सरळ करता येते आणि वर असताना सगळे आलबेल वाटते. घात होतो उतरताना. वेग कमी झाला, की जास्त कोनात बसलेले ते टोक उचल आधी गमावते. पंख अचानक खाली पडतो, आणि तेव्हा विमान जमिनीपासून जेमतेम दोन पुरुष उंचीवर असते. सावरायला जागाच नसते. महिनाभराच्या संध्याकाळी क्षणात मातीत जातात, आणि मैदानावर बघे असतील तर त्यांच्याही जिवाला धोका. (छंदाची विमानेही २०२१ च्या ड्रोन नियमांत येतात, ती नजरेच्या टप्प्यातच उडवायची असतात.)

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे म्हणतात. सुदैवाने पंखाचे तसे नाही. सांगाड्यावर जी प्लास्टिकची फिल्म चढवतात, ती इस्त्रीच्या उष्णतेने आकसते. आधी खालची बाजू, मग वरची, आणि कडा चिकटवल्यावरच मधला भाग तापवायचा. एकाच बाजूला जास्त ताण दिला, तर सरळ सांगाडाही वाकतो. पण तीच फिल्म उपायालाही येते. एकाने पंख उलट दिशेला किंचित जास्तच पिळून धरायचा, दुसऱ्याने फिल्मवरून इस्त्री फिरवायची आणि फिल्म थंड होईपर्यंत हात हलवायचा नाही. दोन माणसांचे काम आहे हे. घरातल्या ज्याने टेबल अडल्याबद्दल कुरकुर केली असेल, त्यालाच बोलवावे.

मैदानावर जाण्याआधी पंख खिडकीकडे धरून मागच्या बाजूने एक डोळा मिटून पाहावा. मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंतची मागची कड सारखी दिसली तर निघावे. नाहीतर इस्त्री पुन्हा तापत ठेवावी.