सर्दी म्हणून अंगावर काढू नका

साधी सर्दी दबकत येते. घसा खवखवतो, शिंका सुटतात, नाक गळते. माणूस कुरकुरत का होईना, कामावर जातो. फ्लू काही तासांत आडवा करतो: सणकून ताप, हुडहुडी, अंग ठेचल्यासारखे, कोरडा खोकला. २००९ मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला बळी पुण्यात गेला, तरी मेडिकलवाल्याकडून परस्पर अँटिबायोटिक घेण्याची आपली खोड जात नाही. विषाणूवर ते चालतच नाही. फ्लूवरचे ऑसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर अधिक गुणकारी. तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. घरातली गरोदर, वृद्ध, मधुमेही किंवा दमेकरी व्यक्ती तापली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धाप लागली, तर थेट रुग्णालय.