संगणक हँग झाला की लगेच ‘फॉरमॅट’? आधी हे तपासा

अहिल्यानगर : दहावी-बारावीचे निकाल लागले की पाथर्डी असो वा कोपरगाव, उत्पन्नाच्या आणि रहिवासाच्या दाखल्यांसाठी सेवा केंद्रांवर रांगा लागतात. नेमका तेव्हाच दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप हँग होतो. दुरुस्तीवाल्याचे उत्तर ठरलेले असते, ‘फॉरमॅट मारू.’

हे उत्तर अनेकदा घाईचे असते. फॉरमॅटने विंडोज कोरी होते, व्हायरसही जातो. पण धूळ, उष्णता, सैल रॅम आणि थकलेली हार्ड डिस्क तिथेच राहते. जातो तो सी ड्राइव्हवरचा टॅलीचा डेटा. श्रीलिपीचे फॉन्ट गेले, की जुनी पत्रे उघडूनही वाचता येत नाहीत.

सुरूच होत नाही?

पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच, तर पहिला संशय रॅमवर. वीज बंद करून वायर काढा, रॅमची पट्टी बाहेर घ्या, सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर हलकेच फिरवा आणि ‘टक’ आवाज येईपर्यंत परत बसवा. कित्येक संगणक एवढ्यावरच उठतात.

दर वेळी तारीख काही वर्षे मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला आहे. बिघाड किरकोळ, पण घोळ मोठा. तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षा प्रमाणपत्र नाकारतो. सरकारी पोर्टल उघडत नाही आणि ‘सर्व्हर डाउन’ समजून रांगेतली माणसे परत जातात!

बटण दाबले तरी काहीच हालचाल नाही, किंवा संगणक मधेच आपोआप रिस्टार्ट होतो, तर एसएमपीएस तपासून घ्या. तो घरी उघडू नका. वीज काढल्यानंतरही त्यात धोकादायक दाब साठून राहतो.

मधेच गोठतो?

किती वेळाने गोठतो, हे घड्याळ लावून पाहा. वीस-पंचवीस मिनिटांनी, त्यातही उन्हाळ्यात, तर कारण उष्णता. जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेतला, धुळीचा. रस्त्यालगतच्या दुकानात प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची गादीच साचते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळली असेल तर नवी लावून घ्या.

सुरुवातीपासूनच रखडत असेल, तर टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क’चा आकडा पाहा. तो सतत १०० टक्क्यांवर असेल, तर हार्ड डिस्क दमली आहे. तिथे एसएसडी बसवणे हा जुन्या डेस्कटॉपवरचा सर्वांत सार्थकी लागणारा खर्च. डिस्कमधून ‘टक-टक’ येत असेल, तर मात्र आधी महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे उतरवा, बाकी सगळे नंतर. अशा डिस्कवर फॉरमॅट चालवणे म्हणजे उरलासुरला डेटाही घालवणे.

विंडोज १० चे काय?

तिची मोफत नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि ते दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बहुतेक डेस्कटॉपमध्ये नसते. घरी अभ्यासापुरता संगणक असेल, तर लिनक्स मिंट मोफत आहे आणि जुन्या मशीनवरही बरी चालते. सेवा केंद्रचालकांनी मात्र डिजिटल सहीचा डोंगल आणि अंगठ्याचे यंत्र लिनक्सवर चालते का, हे पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून आधी पाहावे. जुनी डिस्क पुसण्याची वेळ त्यानंतरची.